कॉलेजमध्ये असताना मानसिक आरोग्य सांभाळायला रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

प्रश्नात तुम्ही ध्यान, डायरी आणि व्यायाम असे तीन पर्याय दिलेत आणि जाता जाता लिहून गेलात की हॉस्टेलवर झोपायला 'तीन-साडेतीन होतातच'. त्या 'होतातच'पाशी मी अडकलो. तिन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवा. आधी रोज एकाच वेळी उठायला लागा, रविवारीसुद्धा.

हे मला सेकंड इयरला असताना कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. तेव्हा मला काहीच करावंसं वाटत नव्हतं. घरून फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत मी स्क्रीनकडे बघत बसायचो. मेसमध्ये सगळे जेवून उठल्यावर जायचो, म्हणजे कोणाशी बोलायला नको. मला वाटलं बाई अभ्यास, घर, प्रेमप्रकरण असलं काही खोदून विचारतील. त्यांनी विचारलं, "उठतोस किती वाजता?" म्हटलं, लेक्चर असलं तर नऊ, नसलं तर एक-दोन. त्यांनी कागदावर फक्त 'साडेसात' लिहिलं. "रात्री कितीही वाजता झोप, उठायचं यालाच. तोंड धुतलंस की आधी बाहेर उजेडात जायचं. आणि पुढच्या आठवड्यात परत ये."

सोपं वाटतं ना? आमच्या मजल्यावर नाइट मारणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि माझा रूम पार्टनर त्यातला पुढारी. ट्यूबलाइट पहाटेपर्यंत चालू. मी डोक्यावरून पांघरूण ओढलं की "झाले का पेन्शनर आडवे?" म्हणत दारातून मुंडकी डोकवायची. त्या ट्यूबवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी मीच टेबलाला अडकवायचा छोटा दिवा आणला, त्याचं तोंड त्याच्या बाजूच्या भिंतीकडे फिरवलं आणि बारानंतर ट्यूब बंद असं ठरलं. सकाळी त्याचा मोबाइल उशीखाली घरघरत असायचा, तो झोपेतच चाचपडून बंद करायचा आणि मी बूट घालून निघालेलो असायचो.

सुरुवातीला हाल झाले. दुपारच्या लेक्चरला मान पडायची. मग रात्री झोप आपोआप लवकर यायला लागली. सकाळी मेसमध्ये माणसं भेटायला लागली, दोन वाक्यं बोलणं व्हायला लागलं, घरच्यांचा फोन उचलला जायला लागला. यातलं एकही मी ठरवून केलेलं नव्हतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ लागतं, आणि रात्री झोप कधी येणार हेही बरंचसं तिथेच ठरतं. रविवारी बारापर्यंत लोळलात की ते पुढे सरकतं आणि सोमवार वाया जातो. कॉफीचंही तसंच. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ची कॉफी रात्री ११ला अर्धी अंगात शिल्लक.

पार्टनरचं म्हणणं असायचं, "माझं डोकं रात्रीच चालतं." यात तथ्य आहे. किशोरवयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकत जातं आणि विशीच्या आसपास सगळ्यात उशिराचं असतं. म्हणूनच 'पहाटे चारला उठा' सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. आठ ठरवा, साडेआठ ठरवा, फक्त रोज तेच ठेवा आणि झोप ७ ते ९ तास होऊ द्या. पण सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते, असं प्रयोगांत दिसलंय. सकाळी आठला उठलेला माणूस रात्री एकला तिथे पोचतो. आमचे साहेब तेव्हा थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडायचे.

त्याला मार्क माझ्यापेक्षा जास्त पडायचे. ग्रुपवर तो अजूनही तेच तोंडावर फेकतो, 'झोपून कोणाचं भलं झालंय?' अरे बाबा, मुद्दा मार्कांचा नव्हताच कधी. सबमिशनच्या दिवसांत कोणी नुसती दारावर थाप मारली तरी तू अंगावर यायचास, हे अख्ख्या मजल्याला आठवतंय. (या उत्तराची लिंक त्याला पाठवतोय.)

तुमचे तीन पर्याय. व्यायाम कराच, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि भरभर चालणं त्यात धरलं जातं. सकाळी चाललात तर उजेडाचंही काम होतं. डायरीत भावना ओतण्यापेक्षा उद्याची कामं लिहून काढा, अंथरुणात डोकं कमी भणभणतं. ध्यान ज्यांना जमतं त्यांनी करावं, मला पाच मिनिटं बसवत नाही.

रात्रपाळी करून शिकणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू नाही, त्यांनी माझ्यावर चिडू नये. शिवाय सवय म्हणजे उपचार नव्हे. बाईंनी मला परत बोलावलं होतं ते फरक पडला नाही तर पुढे पाठवायचं म्हणूनच. उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं २ आठवडे जवळजवळ रोज टिकलं, तर अलार्म लावत बसू नका, समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. जगूच नये असं मनात आलं तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. रात्र असेल तर रूम पार्टनरला उठवा. माझ्यावर तशी वेळ आली नाही, पण आली असती तर त्याला उठवावंही लागलं नसतं.