बटण दाबताच सुरू होणारा संगणक : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

जुने संगणक वापरात ठेवण्याबद्दल मागे लिहिलं होतं. त्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून बरेच प्रश्न आले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात एकच गोष्ट होती: विंडोज उघडायची वाट न बघता काम सुरू व्हावं. काही प्रश्न जरा आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न : बेळगावातून जुना कॉम्प्युटर घेतला. चालू केला की विंडोजच्या आधी 'एक्सप्रेस गेट' नावाचा पडदा येतो आणि आकडे उलटे मोजले जातात. दुकानदार म्हणाला, ही बोर्डातच बसवलेली प्रणाली आहे, पाच सेकंदांत इंटरनेट लागतं. हे काय आहे आणि आज याचा उपयोग काय? (कडोली)

दुकानदारानं खोटं सांगितलेलं नाही, पण त्यानं सांगितलेली गोष्ट पंधराहून जास्त वर्षांपूर्वीची आहे.

असूस कंपनीनं २००७ साली पी५ई३ डीलक्स हा मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य बोर्ड, आणला. त्याच्यावर एक वेगळी फ्लॅश मेमरी (पेनड्राइव्हमध्ये असते तशी) होती आणि तिच्यात विंडोजऐवजी चालणारी छोटीशी लिनक्स प्रणाली भरलेली होती. ती बनवली होती डिव्हाइसव्हीएम या कंपनीनं. तिचं मूळ नाव स्प्लॅशटॉप, असूसनं तिला एक्सप्रेस गेट म्हटलं. पुढे एचपीनं क्विकवेब, लेनोवोनं क्विक स्टार्ट अशा नावांनी तीच आपल्या लॅपटॉपात दिली. फीनिक्सची हायपरस्पेस आणि एमएसआयची विंकी याच विचारातून आल्या. डेल त्याच्याही पुढे गेली. तिच्या लॅटिट्यूड ऑनमध्ये मेल आणि इंटरनेटसाठी लॅपटॉपात एक वेगळा, कमी वीज खाणारा प्रोसेसरच बसवलेला होता.

हे चालतं कसं ते बघा. बटण दाबलं की बोर्डावरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्राम आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो. एरवी त्यानंतर तो हार्ड डिस्ककडे जातो आणि विंडोज उचलतो. एक्सप्रेस गेट असलं तर मध्येच थांबून तो तुम्हाला विचारतो. तुम्ही ब्राउझर निवडलात की लहानसं लिनक्स फ्लॅशमधून थेट रॅममध्ये येतं आणि तिथूनच चालतं. काही निवडलं नाही तर आकडे संपतात आणि नेहमीचं विंडोज सुरू होतं. 'पाच सेकंद' म्हणजे तो निवडीचा पडदा दिसेपर्यंतचा वेळ. ब्राउझर हाताशी यायला त्यापुढे आणखी काही सेकंद लागत.

त्या काळी याची खरोखर गरज होती. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये माहिती शोधायला एक काटा तबकडीवर पुढे-मागे सरकतो आणि प्रत्येक वेळी काही मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली लागतात, म्हणून तो काटा मिनिट-दोन मिनिटं धावत राहायचा. फ्लॅशमध्ये काटाच नाही. वेग आला तो तिथून.

कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, त्यांच्यात बेसिक भाषा चिपमध्येच होती. बटण दाबायचं आणि लिहायला लागायचं. पुढे प्रणाली मोठी झाली, डिस्कवर गेली आणि ती सोय आपल्या हातून सुटली.

आज मात्र तुमच्या एक्सप्रेस गेटमध्ये रोजचं काम होणार नाही. त्यातला ब्राउझर त्या काळच्या फायरफॉक्सवर बेतलेला आहे. तो ज्या जुन्या पद्धतीनं सुरक्षित जोडणी करतो ती २०२० पासून मोठ्या ब्राउझरांनी बंद केली, संकेतस्थळांनीही सोडून दिली. त्यामुळे बँक, सरकारी सेवा, मेल यांतलं बहुतेक काही उघडणार नाही. त्यात स्काइप होतं, ते मे २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. अडोबीच्या 'फ्लॅश प्लेअर'वर (फ्लॅश मेमरीशी याचा संबंध नाही) चालणारे व्हिडिओ २०२० च्या अखेरीस गेले. ही प्रणाली ताजी करणारं आता कोणी उरलेलं नाही.

तेव्हा तो पडदा बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, रोज त्या उलट्या आकड्यांत जाणारा वेळ वाचेल. आणि फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा. एसएसडी म्हणजे फ्लॅशच. त्या बोर्डावर एवढ्याशा जागेत कोंबलेल्या लहान प्रणालीला जो वेग मिळत होता, तो आता तुमच्या सगळ्या विंडोजला किंवा लिनक्सला मिळतो. तुमच्या बोर्डाचा साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, जुना, सेकंदाला तीनशे मेगाबाइटच्या आसपास धावणारा असणार. तरी अडत नाही, कारण खरा फायदा काटा नसण्याचा आहे.

प्रश्न : आमच्या घरच्या संगणकावर तारीख सारखी २००९ होते आणि एकही साइट उघडत नाही, 'जोडणी सुरक्षित नाही' असं येतं. प्रणाली बिघडली का? (उचगाव)

नाही. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. सीआर२०३२ असं तिच्यावर लिहिलेलं असतं, तीन व्होल्टची. संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. तारीख मागे गेली की साइटची ओळख पटवणारी आजची प्रमाणपत्रं ब्राउझरला 'अजून लागू न झालेली' वाटतात आणि तो दार लावून घेतो. घड्याळाच्या दुकानातही ही बॅटरी मिळते. स्विच बंद करून, वायर काढून बदला, मग तारीख लावा. कोणी एवढ्यावरून नवीन विंडोज टाकायला सांगत असेल तर पैसे देऊ नका.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला आमची शाळा आहे. पावसाळ्यात करंट दिवसातून दहा वेळा जातो. इन्व्हर्टर आहे तरी प्रत्येक वेळी संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि तास त्यातच संपतो. झटपट सुरू होणारी प्रणाली बसवली तर मुलांचा वेळ वाचेल का? (एक शिक्षक)

गुरुजी, कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस मी पाहिला आहे. तिथे शाळेत संगणक चालू ठेवणं हेच मोठं काम आहे. पण तुमचं दुखणं सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचं नाही. संगणक बंदच पडता कामा नये, उपाय तिथे करायला हवा.

आधी इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक लहान खटका शोधा. बहुतेकांवर दोन पर्याय असतात. एकावर 'यूपीएस' किंवा संगणकाचं चित्र, दुसऱ्यावर 'नॉर्मल', 'इको' असं काही. करंट गेला की इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला क्षणभर लागतो. पंख्याला, दिव्याला तो क्षण कळत नाही. संगणकाचा पॉवर सप्लाय मात्र करंटशिवाय साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. यूपीएसच्या खटक्यावर बदल सुमारे दहा मिलिसेकंदांत होतो, म्हणून संगणक वाचतो. नॉर्मलवर जास्त वेळ लागतो आणि सगळे एकदम बंद पडतात. तो खटका आज नॉर्मलवर असणार असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

यूपीएसवर टाकल्यावर एक अडचण येऊ शकते. व्होल्टेज थोडं जरी खाली-वर झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो आणि बॅटरी लवकर उतरते. तसं होत असेल तर इन्व्हर्टर नॉर्मलवर राहू द्या आणि ज्या संगणकावर तुम्ही शिकवता, निकाल भरता, त्याला सहाशे व्हीएचा वेगळा यूपीएस लावा. नवी बॅटरी दहा-पंधरा मिनिटं देते. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरे.

बायोसमध्ये 'करंट परत आल्यावर काय करायचं' असं एक सेटिंग असतं. ते 'बंदच राहा' यावर ठेवा. करंट परत येतो तेव्हा तो दोन-तीनदा झटके देतो. त्या झटक्यांत आपोआप सुरू होणारे संगणक डिस्क आणि पॉवर सप्लाय गमावतात. करंट स्थिर होऊ द्या, मग बटण दाबा.

जेवणाच्या सुट्टीत 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' वापरा. स्लीपमध्ये चालू काम रॅममध्येच राहतं, करंट गेला की तेही जातं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहून संगणक पूर्ण बंद होतो. मुलांनी अर्धवट ठेवलेलं चित्र सुट्टीनंतर तसंच समोर येतं.

एवढं झाल्यावर मग एसएसडी. सगळ्या संगणकांना एकदम जमणार नाही, तर दरवर्षी दोन. गावातून बाहेर गेलेले माजी विद्यार्थी अशा कामाला मदत करतात, पण आपण मागताना 'संगणक द्या' असं मोघम मागतो. एसएसडी, यूपीएसची बॅटरी अशी नावं घालून यादी द्या. मोडके संच देणगीत घेऊ नका, ते शाळेचीच जागा अडवतात.

प्रश्न : शहापुरात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, यात्रेची हँडबिलं. अशा झटपट प्रणालीत हे काम होईल का?

नाही होणार. मराठी मजकुरासाठी तुम्ही वापरता ते श्रीलिपी विंडोजवर चालतं, कन्नड मजकुरासाठी नुडी वापरत असाल तर तेही विंडोजवरचंच. बोर्डातल्या प्रणालीत बाहेरचं काही बसवता येत नाही. तुमच्यासाठी एसएसडी आणि जास्तीची रॅम हाच मार्ग. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आहेत. छपाईचा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवा, मेलवर येणाऱ्या फायली दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या. सगळ्या पत्रिकांच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवत चला, कारण एसएसडी मरते तेव्हा आवाज करत नाही, बऱ्याचदा आधी इशाराही देत नाही.

प्रश्न : निपाणीत ऑनलाइन सेवांचं दुकान चालवते. लोक उताऱ्याची, दाखल्याची कामं घेऊन येतात, पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो. बोर्डातल्या प्रणालीला व्हायरस लागत नाही असं ऐकलं. ते खरं का?

ताई, ही त्या कल्पनेतली सगळ्यात मोलाची बाजू, आणि तिचीच चर्चा कमी झाली. एक्सप्रेस गेटची मूळ प्रणाली वापरताना बदलत नसे. चालू केल्यावर ती दर वेळी तशीच्या तशी येई. विंडोजचा व्हायरस तिथे चालतच नाही. त्या पाच सेकंदांपेक्षा मला ती स्वच्छता जास्त महत्त्वाची वाटते.

तीच सोय तुम्ही आज स्वतः करू शकता. आठ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह घ्या, त्यावर रूफस हा मोफत प्रोग्राम वापरून लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) चढवा. असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर सुरुवातीला एफ८ दाबलं की कशावरून सुरू करायचं ते निवडता येतं. दुसऱ्या कंपनीची की वेगळी असेल. आता संगणक पेनड्राइव्हवरून चालेल आणि बंद केल्यावर त्या सत्रातलं सगळं पुसलं जाईल. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह यात उघडा, फाइल बघा, छापा. तुमचे बँकेचे व्यवहारही विंडोजपेक्षा यात जास्त सुरक्षित राहतील. गिऱ्हाइकाच्या आधारची, जमिनीची कागदपत्रं तुमच्या डिस्कवर साचत नाहीत, हाही मोठा लाभ. लोक विश्वासानं कागद हातात देतात, त्यांची प्रत मागे राहू नये. मात्र बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन विंडोजवरच ठेवा.

विंडोजमधली एक खोड माहीत असू द्या. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाऊन' केलं तरी आतला गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून. त्यामुळे लिनक्समधून ती डिस्क नीट उघडत नाही. पॉवरच्या सेटिंगमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

टायपिंगचंही सांगतो, कारण आपल्या भागात अर्ज कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. लिनक्समध्ये दोन्ही भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. इनस्क्रिप्टची रचना सगळ्या भारतीय लिप्यांना एकच: ज्या कळीवर मराठीत 'क' येतो तिच्यावरच कन्नडचा 'क' येतो, 'ळ' सुद्धा दोन्हीकडे एकाच जागी. मराठीवर बोटं बसली की कन्नड कीबोर्ड वेगळा शिकावा लागत नाही. सीमाभागातल्या मुलामुलींनी हा एक महिना काढून शिकावा अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे. बायोस अपडेट केला तर माझ्या बोर्डावर एक्सप्रेस गेट येईल का? (अनगोळ)

नाही. बायोसची चिप वेगळी, ती प्रणाली वेगळ्या फ्लॅशवर किंवा डिस्कवर असे. विनाकारण बायोसला हात लावू नकोस. मी एकदा भर पावसात, यूपीएसशिवाय अपडेट करायला बसलो आणि मधेच करंट गेला. चांगला बोर्ड तिथेच मेला. तुला या विषयाची आवड असेल तर कोअरबूट वाच. १९९९ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस नावानं ते सुरू केलं. बायोसच्या जागी थेट लिनक्स आणण्याचा तो प्रयत्न होता.

प्रश्न : मी पुण्यात असते. बाबा टिळकवाडीत एकटे राहतात. त्यांच्याकडे २०१२ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. त्यांना मराठी पेपर वाचायचे असतात आणि आमच्याशी बोलायचं असतं, बाकी काही नाही. विंडोज उघडेपर्यंत ते कंटाळून झाकण लावतात.

एक्सप्रेस गेट ज्यांच्यासाठी बनलं होतं, ते हेच वाचक. आता त्या जागी क्रोमओएस फ्लेक्स आहे. गुगलनं २०२२ मध्ये ते मोफत दिलं. त्याला ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते. २०१० च्या आधीच्या यंत्रांवर ते नीट चालेलच असं नाही, तुमचा लॅपटॉप त्यानंतरचा आहे. त्यात ब्राउझर हेच सगळं. मराठी टायपिंग आहे, गुगल मीटवरून व्हिडिओ कॉल होतो. फोनवरची अँड्रॉइड ॲप मात्र त्यात चालत नाहीत. स्वस्तातली एसएसडी सोबत टाकलीत तर बाबांचा चहा निवायच्या आत पेपर उघडलेला असेल. अक्षरं मोठी करा. पेपरचं पान ब्राउझर उघडताच समोर येईल असं ठेवा.

हे फोनवरून सांगून करवून घेऊ नका. बेळगावला याल तेव्हा स्वतः बसा. फ्लेक्स आधी पेनड्राइव्हवरून, काही न बसवता चालवून बघता येतं. त्यातच बाबांना दुसऱ्या खोलीत बसवून एक कॉल करा, कॅमेरा आणि आवाज दोन्ही नीट आहेत का पाहा. ते जमलं तरच डिस्कवर बसवा. बसवताना डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्याआधी त्यातले घरचे फोटो बाबांबरोबर बसून एकदा चाळा आणि दोन ठिकाणी उतरवून ठेवा.