‘शेंबड्या’ म्हणणं आधी थांबवा

प्रश्न : ताई, माझं मुलुंडला पाळणाघर आहे. साडेचार वर्षांचा एक मुलगा सतत नाकात बोट घालतो, मेकूड काढून तोंडातही घालतो. बाकीची मुलं त्याला ‘शेंबड्या’ म्हणतात, डबा खाताना शेजारी बसत नाहीत. कामाच्या मावशी ‘शी, घाणेरडा’ म्हणून ओरडतात, हातावर फटकाही देतात. परवा एका आईने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘त्याला वेगळं बसवा.’ त्याच्या आईला मी अजून काही बोललेले नाही. काय करू?

उत्तर : काकू, या वयाची बहुतेक मुलं नाकात बोट घालतात, आणि ते तोंडात घालणारीही कमी नसतात. लोकलमध्ये खिडकीशी बसलेली मोठी माणसं काय करतात, तेही आपण बघतोच. तेव्हा सवय सुटायला वेळ लागू द्या. ‘शेंबड्या’ मात्र आजपासून बंद.

मुलं हे मावशींचं बघून शिकली आहेत, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. म्हणून मावशींशी पहिलं बोला. फटका तर अजिबात चालायचा नाही. मूल तुमचं नाही, आणि असतं तरी नाही. मुलांना एवढंच सांगा, ‘इथे कुणाला नावं ठेवायची नाहीत.’ पुन्हा कोणी म्हणालं, तर पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. पण एखादी मुलगी त्याचा हात धरायला नको म्हणाली, तर तिला रागावू नका. तिचंही बरोबर आहे. ‘हात धुऊन ये, मग धरते’ असं म्हणायला तिला शिकवा.

हात धुणं सगळ्यांचं ठेवा : आल्यावर, डब्याआधी, खेळून झाल्यावर, साबण लावून निदान वीस सेकंद. त्याला एकट्याला उठवून बेसिनकडे पाठवलंत, की झालीच वरात. नखं वाढलेली असतील तर आईला कापायला सांगा. नखांतून जंतांची अंडी पोटात जातात, नाकाला आतून जखमाही होतात.

आता त्या नाकाकडे बघू. ते बहुधा आतून कोरडं पडून खाजत असेल. मुलुंडला गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंटची धूळ आहे, त्यात दुपारी मुलं एसीत झोपत असतील तर विचारूच नका. नाक शिंकरणं अनेक मुलांना येतच नाही. कागदाची पातळ पट्टी नाकासमोर धरा, तोंड मिटून एका नाकपुडीवर बोट ठेवायला सांगा आणि दुसरीने फुंकून पट्टी हलवायला लावा. हा खेळ सगळ्यांनाच खेळू द्या. पूर्वी बालवाडीत शर्टाला रुमाल टाचायचे, ती पद्धत काही वाईट नव्हती. त्याचं बोट कधी नाकात जातं तेही बघा. झोप आली की, टीव्ही लागला की, की नुसतं बसून कंटाळला की? त्या वेळी हातात ठोकळे किंवा कणकेचा गोळा द्या. बोटांना तिखट किंवा कडू काही लावू नका, तोच हात डोळ्यांत जातो.

आईशी मात्र दारात बोलू नका. ठाण्याची गाडी चुकवून धापा टाकत आलेल्या बाईला चार पालकांसमोर हे ऐकवायचं नसतं. शनिवारी फोन करा. जे दिसतं तेवढं सांगा, आणि तो रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, सारखी सर्दी असते का, तेही विचारा. असेल तर अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) किंवा अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टरांना दाखवायला हवं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत मणी, वाटाणा काहीतरी अडकलेलं असू शकतं. घरी काढायला जाऊ नका. छोटी गोल बॅटरी अडकल्याची शंका आली, तर तडक हॉस्पिटल.

ग्रुपवरच्या आईला ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिला फोन करून सांगा, की सगळ्या मुलांचे हात धुतले जातात, वेगळं कुणालाच बसवलं जाणार नाही, आणि दुसऱ्याच्या मुलाबद्दल पुन्हा ग्रुपवर लिहायचं नाही. तिने आपलं मूल काढून नेण्याची धमकी दिली, तरी हेच सांगा.