वाचकांचे प्रश्न : गाण्यातली जागा दाखवताना

प्रश्न : निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, मी दर शनिवारी सकाळी सत्तर-पंचाहत्तर परिचितांना व्हॉट्सॲपवर ‘या आठवड्यात काय ऐकावे’ अशी यादी पाठवतो. ख्याल, नाट्यपदे, भावगीते, गझला असे दहा तरी दुवे तीत असतात आणि प्रत्येकापुढे मी ‘अप्रतिम’, ‘जरूर ऐकावे’ असे आवर्जून लिहितो. उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रे येतात. ऐकले असे मात्र कोणीच सांगत नाही. लोकांची अभिरुची खालावली आहे, की माझेच काही चुकते आहे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अभिरुचीला दोष देण्याची घाई नको. एकेक दुवा दहा मिनिटांचा धरला, तरी शंभर मिनिटांचे काम आपण सुट्टीच्या सकाळी समोरच्याच्या गळ्यात घालता, आणि त्यातले आधी काय ऐकावे हेही त्यानेच ठरवायचे असते. शिवाय ‘अप्रतिम’ या शब्दावरून आपल्याला काय वाटले ते कळते. त्याने कान कुठे द्यावा ते कळत नाही.

मी शाळेत असताना पंचवटीत आमच्याच वाड्यात वरच्या मजल्यावर एक काका राहत. त्यांच्याकडे कॅसेटींचा मोठा साठा होता, पण नुसती कॅसेट त्यांनी कधी हातात दिली नाही. आत घडी घातलेली चिठ्ठी असायची : ‘बाजू दुसरी. काउंटरवर २१४ आले की नीट ऐक. बुवा तान मध्येच सोडून देतात आणि समेवर नुसते येऊन बसतात.’ (सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.) त्यांच्या टेपरेकॉर्डरचा काउंटर आणि आमचा काही जुळत नसे, त्यामुळे २१४ला मी भलत्याच ठिकाणी पोहोचायचो, आणि ती जागा शोधता शोधता मागचेपुढचे पाच-सात मिनिटांचे गाणे आपोआप कानावरून जायचे. राग कोणता, घराणे कोणते, हे काकांनी सांगितल्याचे मला आठवत नाही. त्यांनी जागा दाखवली, आणि ती सापडल्याचे सांगायला मी जिना चढून वर जात असे.

तेव्हा यादी बंद करावी आणि आठवड्याला एकच ध्वनिमुद्रण पाठवावे, असे मी सुचवेन. आपण नाशिककर आहात, म्हणून उदाहरणही नाशिकचेच घेतो. पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकला झाला. लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे त्यांचे वडील पं. विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात येथेच येऊन राहिले होते. द. वि. १९५५ साली गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते. त्यांच्या गाण्याचा परिचय ‘ग्वाल्हेर घराण्याचे दिग्गज गायक, स्वर्गीय स्वर’ असा करून देता येईल, आणि मग पुन्हा जोडलेले हातच येतील. त्याऐवजी असे काही लिहून पाहा :

‘साडेतीन मिनिटांची जुनी तबकडी आहे, चहा निवेपर्यंत ऐकून होईल. सुरुवातीला तळणीसारखा आवाज येईल. तो तबकडीचा आहे, तुमचा मोबाइल बिघडलेला नाही. बंदिशीची पहिली ओळ पुन्हा पुन्हा येते. त्या ओळीतल्या एका अक्षरावर गायक आणि तबला दर वेळी एकत्र टेकतात. ते अक्षर कोणते, ते मला कळवा.’

या टिपणात ‘सम’ हा शब्द नाही, तरी वाचणारा सम शोधायला बसतो. मुख्य म्हणजे त्याला उत्तर देण्याजोगे काही मिळते. तबकडी निवडण्याचेही कारण आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे गायकाला आलाप चार सुरांत आटोपून लगेच बंदिशीवर यावे लागे आणि ताना शेवटच्या मिनिटात बसवाव्या लागत. जाणकारांना ही कोंडी वाटते आणि ते खरेही आहे, पण नवख्या श्रोत्याला तेवढ्यात सुरुवात, मध्य आणि शेवट एका दमात दिसतो.

पुढची पायरी ज्याची त्याला वेगळी द्यावी लागते, आणि इथे सत्तर जणांना एकच मजकूर पाठवण्याची सवय आड येते. केवळ चित्रपटगीते ऐकणाऱ्याला पलुस्करांनी उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर १९५२ साली एका चित्रपटासाठी गायलेली देसी रागातली जुगलबंदी द्यावी आणि दोन आवाज वेगळे ओळखता येतात का, एवढेच विचारावे : एक मोकळा, वर सहज जाणारा, दुसरा गंभीर, खर्जाकडे ओढ असलेला. ज्याला दुसरा आवाज भावला, त्याला खाँसाहेबांचा झूमऱ्यातला विलंबित ख्याल सुचवता येईल. चौदा मात्रांचा तो ताल त्यांच्या अतिविलंबित लयीत इतका सावकाश सरकतो की समेची वाट पाहणे हाच ऐकण्याचा मोठा भाग होतो. तो ख्याल पहिल्याच शनिवारी पाठवू नये. माणूस कायमचा दुरावतो. मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला असाच गमावला आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि स्वतःची गाणी स्वतः करणाऱ्या आमच्या भागातल्या मुलांविषयी लिहिते, त्यांत मराठी रॅप करणारे बरेच आहेत. आता तीच मुले ‘ताई, छान लिही ना’ म्हणून मागे लागतात, आणि एकाने तर पैसे देऊ केले. गाणे आवडले नाही तर काय करावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : पैसे घेऊ नयेत, आणि गाणारा मित्र किंवा नातेवाईक असेल तर तसे पहिल्याच ओळीत लिहून टाकावे. वाचक तुमच्यावर विसंबून आपली दहा मिनिटे खर्च करतो. त्या मिनिटांचे मोल दुसऱ्याच कोणी चुकवले होते, हे त्याला एकदा कळले की पुढचे खरे कौतुकही त्याला विकतचे वाटते.

न आवडलेल्या नवख्याविषयी गप्प बसायला काहीच हरकत नाही. ज्याला अजून पन्नास जण ओळखत नाहीत, त्याला जाहीरपणे झोडपून कोणाचे भले होत नाही. त्याला भेटून सांगावे. नामवंतांना मात्र ही सवलत देऊ नये. गाणे आवडले, तर ते किमान तीनदा ऐकल्यावरच लिहावे : एकदा इअरफोनवर, एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा केवळ शब्दांकडे लक्ष देऊन. बीट स्वतः बांधली आहे की तयार घेतली आहे, हे विचारून घ्यावे. मराठी शब्दाचा आघात ठेक्याशी भांडतो का, की बोलल्यासारखा सहज पडतो, हे पाहावे. बहुतेक रॅप तिथेच उभे राहते किंवा कोसळते. आणि खाली नाशिक ढोल वाजवला म्हणून गाणे नाशिकचे होत नाही, हेही कोणीतरी या मुलांना सांगायला हवे आहे.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात जुन्या तबकड्या आहेत. त्या मोबाइलवर घेऊन सर्वांना पाठवल्या, तर कायद्याची अडचण येईल का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९५५ साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०१५ संपताना संपला. परंतु गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा असून तो कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, म्हणून भावगीतांच्या बाबतीत विशेष जपावे. पारंपरिक बंदिशींच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पाठवण्यापूर्वी तबकडीच्या मधल्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवावे. गायकाचे नाव, राग आणि तबकडीचा क्रमांक त्यावरच छापलेला असतो, आणि तो कागद आधी झिजतो.