दहा रुपयांचा शेअर स्वस्त असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात ५,००० रुपये आहेत, टायर कंपनी एमआरएफचा शेअर परवडत नाही, मग दहा रुपयांवाले पाचशे शेअर घ्यावेत का? आणि एल्सिड या गुंतवणूक कंपनीचा साडेतीन रुपयांचा शेअर सव्वादोन लाखांवर गेला, तसा शेअर आधी कसा ओळखायचा?

आधी एमआरएफ. १३ जून २०२३ ला त्याने एक लाख ओलांडला, तेव्हा लाखावर जाणारा तो भारतातला पहिलाच शेअर होता. पण या कंपनीने कधी स्प्लिट, म्हणजे एका शेअरचे अनेक छोटे शेअर, केलेलं नाही, त्यामुळे शेअर आहेत जेमतेम ४२.४ लाख. गुणाकार केला तर कंपनीचं बाजारमूल्य येतं ४२ हजार कोटींच्या थोडं वर. त्याच सुमारास व्होडाफोन आयडिया सात-आठ रुपयांना मिळत होता. त्याचे शेअर तेव्हा ४,८०० कोटींहून जास्त, म्हणजे अख्ख्या कंपनीचे ३४ ते ३९ हजार कोटी. लाखाचा शेअर आणि सात रुपयांचा शेअर, पण कंपन्यांचं मोल जवळपास सारखंच! त्यात पहिली नफ्यात, दुसरी तोट्यात आणि वर कर्जाचा डोंगर. आता यातलं स्वस्त कोणतं? गुंठ्याचा भाव ऐकून घाबरायचं आणि चौरस फुटाचा ऐकून खूश व्हायचं, असं आपण जमिनीत करत नाही. शेअरमध्ये मात्र सर्रास करतो.

म्हणून भाव बघायचा तो कमाईशी ताडून. एमआरएफचा २०२२-२३ चा निव्वळ नफा ७६९ कोटी, म्हणजे शेअरमागे साधारण १,८०० रुपये. लाखाला घेणारा त्याच्या ५५ पट मोजत होता. पी/ई म्हणतात तो हाच. ५५ चा आकडा बघून ‘फार महाग’ म्हणत मीही पुढे गेलो होतो. पण टायरवाल्यांचा मोठा खर्च म्हणजे रबर आणि क्रूडपासून बनणारा कच्चा माल. तो स्वस्त झाला आणि २०२३-२४ चा नफा गेला २,०८१ कोटींवर. त्या नफ्यावर तोच लाखाचा भाव २० पटच निघतो. साखर, पोलाद यांत बरेचदा उलटा फसवा प्रकार असतो: धंदा शिखरावर असताना नफा फुगलेला, म्हणून पी/ई नेमका तेव्हाच छान दिसतो. एका वर्षाचा नफा धरून पी/ई काढू नका, निदान पाच-सात वर्षांचे आकडे समोर घ्या.

आता एल्सिड. याचे शेअर दोनच लाख. ३.५३ ने गुणलं तर अख्खी कंपनी सात लाखांत! एवढ्यात हल्ली धड गाडी येत नाही, आणि या कंपनीकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर होते. मग कोणी घेतली का नाही? कारण त्या भावाला विकणाराच नव्हता. ३.५३ हा फक्त जुन्या सौद्याचा पाटीवर राहिलेला आकडा होता. २९ ऑक्टोबर २०२४ ला बीएसईवर सेबीच्या नियमानुसार किंमतपट्टा, म्हणजे दिवसात भाव किती हलू शकतो याची मर्यादा, न लावता खास लिलाव झाला आणि भाव निघाला २,२५,०००. तोही पुस्तकी किमतीच्या (मालमत्तेतून देणी वजा करून शेअरमागे उरणाऱ्या रकमेच्या) निम्म्याहून कमी, कारण ते एशियन पेंट्सचे शेअर विकून पैसे आपल्या हातात येतील असं कोणी धरत नाही. तेव्हा ‘वेळेत ओळखलं असतं तर’ ही हळहळ सोडा, ओळखूनही तो मिळाला नसता.

पाचशे शेअरचा मोह मला चांगला ठाऊक आहे. मी एकदा पाच रुपयांच्या आसपासचे दोन हजार शेअर घेतले होते, निव्वळ ‘दोन हजार’ हा आकडा डीमॅटमध्ये बघायला बरा वाटतो म्हणून. महिन्याभरात लोअर सर्किट सुरू झालं, म्हणजे भाव रोज दिवसाच्या खालच्या मर्यादेला जाऊन अडकायचा. रोज सव्वानवाच्या आधी विक्रीची ऑर्डर टाकून बसायचो. समोर विकणाऱ्यांची लाखांची रांग, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. सुटलो तेव्हा भाव दीड रुपयावर आला होता. नंतर वार्षिक अहवाल उघडला, तर कागदोपत्री नफा होता, पण धंद्यातून रोकड एक पैसा येत नव्हती. घेण्याआधी रोकड प्रवाहाचं ते एक पान वाचलं असतं तर दहा हजारांना हातच घातला नसता.

तुमच्या मनातले दहा रुपयांवाले शेअर कोणते ते इथे लिहा. सोबत एकूण शेअर किती, पाच वर्षांचा नफा, धंद्यातून आलेली रोकड आणि कर्ज, एवढं टाका. गुणाकार मिळून करू.