पहिल्यांदाच राफ्टिंगला जातोयस ना, मग हे ऐक

अरे, रॅपिडच्या (म्हणजे नदीतल्या खवळलेल्या, वेगवान पाण्याच्या टप्प्याच्या) ग्रेड 1 ते 6 असतात, 6 सगळ्यात अवघड, तू 2 किंवा फार तर 3 वर जा, 4 चा मोह नको, फोटो काय नंतरही निघतील. लाइफ जॅकेट घातलं की मित्राला खांद्याचे पट्टे धरून जोरात वर खेचायला सांग, कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, परत आवळ. जीन्स, कॉटन टीशर्ट नकोच, भिजलं की लवकर वाळत नाही आणि कुडकुडत बसावं लागतं.

आता महत्त्वाचं. पाण्यात पडलास (मीपण पडलोय, लाजायचं काय त्यात) तर उभं राहायला जाऊ नको. पाणी गुडघाभर दिसतं म्हणून आपण पाय टेकवतो, तो दोन दगडांत अडकतो आणि मागून येणारं पाणी तोंडावर पाडतं. त्यापेक्षा पाठीवर पड, पाय प्रवाहाच्या दिशेला, बुटांची टोकं पाण्याच्या वर दिसली पाहिजेत. दोर फेकला तर छातीशी धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही.

आणि ट्रेकमध्ये बर्फाचं पाणी येणारा ओढा ओलांडायचा असेल तर सकाळीच उरक, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं, सकाळी ज्या दगडावर बसलास तो संध्याकाळी दिसतसुद्धा नाही.