राघूला कंठ फुटतो तेव्हा

चोपड्याहून विचारणा आहे: ‘आमच्याकडे राघूले कंठ फुटना (राघूला कंठ फुटला) म्हणतात, म्हणजे तो बोलू लागला ना? आणि कंठ नि कंठी यांत फरक काय?’

बोलू लागला की वाचा फुटते. कंठ नव्हे, तो फुटतो वयात येताना! ‘पीडितांच्या दुःखाला कंठ फुटला’ असं छापलेलं दिसलं की त्या दुःखाला आता मिसरूडही फुटणार का, असं विचारावंसं वाटतं.

राघूचा कंठ म्हणजे गळ्याभोवतीचं कडं. हनुवटीखालून गालाकडे वळणारी काळी पट्टी आणि मानेमागे गुलाबी रेघ. ते नरालाच येतं, तेही साधारण तिसऱ्या वर्षी. म्हणून ‘कंठ नाही ती मैना’, म्हणजे मादी, हा ठोकताळा फसतो. ज्वारीच्या कणसावर बसलेला वर्षा-दीड वर्षाचा नरही तसाच कोरा असतो. बोलणं तर राघू कोवळ्या वयात शिकतो, कडं उमटण्याच्या बऱ्याच आधी, आणि मादीही शिकते. शिवाय पक्ष्याचा आवाज निघतो तो श्वासनळीच्या तळाशी, जिथं तिच्या दोन शाखा होतात तिथून. (पिंजऱ्यात ठेवून पडताळू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे.)

खरी गंमत ‘फुटणे’त आहे. संस्कृत स्फुट्, प्राकृत फुट्ट. मडकं फुटतं तेव्हा मोडतं; पण पालवी, मोड, पान्हा, मिसरूड फुटतं तेव्हा आतलं बाहेर येतं. पोराचा कंठ फुटतो तो या दुसऱ्या घराण्यातला. कोशवाले ‘आवाज बदलणे’ लिहून मोकळे होतात, जणू गळ्याला तडा गेला! मुळात वाढतं ते स्वरयंत्र. त्याची घाटी गळ्यावर पुढं येते, आतल्या स्वरतंतूंची लांबी वाढते, म्हणून आवाज खाली उतरतो. राघूचं कडं नि पोराची घाटी: दोन्ही गळ्यावर, दोन्ही वयात येताना. माझ्या मते शेतकऱ्यानं हे आधी राघूवर पाहिलं आणि मग पोराला लावलं. उलटा प्रवास मानणाऱ्यांनी मुलीला कंठ फुटला असं कुणी का म्हणत नाही, ते सांगावं.

पक्षीपुस्तकांतला ‘कंठीवाला पोपट’ मला म्हणूनच खटकतो. ‘कंठीवाला होला’ तर त्याहून. त्याची काळी पट्टी अर्धीच, आणि तीही मानेमागे, कंठाला शिवतही नाही. कंठी सोनाराकडची. ती घालतात, फुटत नाही.