घरी फळ आणि पुदिना घालून ताजेतवाने करणारे कॉकटेल कसे बनवावे?

तुमच्याकडे पाहुणे येणार आहेत, फळ आणि पुदिना असलेले थंडगार कॉकटेल करायचे आहे. पण मागच्या वेळी ते कडवट लागले, थोड्याच वेळात पाणचट झाले आणि घरात शेकर वगैरे साधनेही नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. साधनांची काळजी करू नका. कडवटपणा पुदिना चेचल्यामुळे येतो आणि पाणचटपणा बहुतेक वेळा साहित्य कोमट असल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी घरच्या स्वयंपाकघरात सहज टाळता येतात. कलिंगड, लिंबू, पुदिना आणि पांढरी रम यांचे पेय समोर ठेवून मी उत्तर देतो, कारण उन्हाळ्यात कलिंगड सगळीकडे मिळते आणि त्याची चव सौम्य असल्याने पुदिन्याचा सुगंध त्याखाली दबत नाही.

या प्रकारच्या बहुतेक पेयांचे मूळ क्यूबातील मोहितो हे आहे. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केलेल्या कृतीत ४५ मिलिलिटर पांढरी रम, २० मिलिलिटर ताजा लिंबूरस, दोन छोटे चमचे साखर, पुदिन्याच्या सहा काड्या आणि वरून सोडा एवढेच साहित्य असते. त्यात फळ नाही, हे लक्षात घ्यायला हवे. फळ आले की त्याच्याबरोबर पाणी आणि साखर दोन्ही येतात. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि १०० मिलिलिटर रसात सुमारे ६ ग्रॅम साखर असते. मूळ प्रमाण तसेच ठेवून त्यात नुसता फळाचा रस वाढवला, तर पेय गोडमिट्ट आणि तरीही फिके होते. म्हणून एका ग्लाससाठी माझे प्रमाण असे आहे : ४५ मिलिलिटर रम, २० मिलिलिटर लिंबूरस, १०० मिलिलिटर कलिंगडाचा रस, १० मिलिलिटर साखरेचा पाक आणि जेमतेम ५० मिलिलिटर सोडा. मापासाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी, मिलिलिटरच्या खुणा असलेली छोटी टोपी स्वच्छ धुऊन वापरावी. ती कोणत्याही चमच्यापेक्षा अचूक असते.

आता पुदिन्याविषयी सविस्तर सांगतो, कारण सगळे पेय त्याच्यावर अवलंबून आहे. पुदिन्याचे सुगंधी तेल पानाच्या आत खोलवर नसते; ते पानाच्या पृष्ठभागावरच्या, विशेषतः खालच्या बाजूच्या अतिशय सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते. या ग्रंथी इतक्या नाजूक असतात की पान दोन तळहातांमध्ये ठेवून एक टाळी वाजवली तरी त्या फुटतात आणि वास दरवळतो. याउलट आपण खलबत्त्यात पाने चेचली की पानाच्या पेशीच फुटतात, हिरवा रस बाहेर येतो आणि त्याबरोबर कडवट, गवतासारखी चव उतरते. चटणीत ही चव खपून जाते, कारण तिथे मिरची, आले, मीठ आणि कोथिंबीर असते. कॉकटेलमध्ये तिला झाकायला काहीच नसते. त्यामुळे पेल्याच्या तळाशी आठ-दहा पाने ठेवून, त्यावर पाक आणि लिंबूरस घालून, रवीच्या दांडीने किंवा लाटण्याच्या टोकाने फक्त चार-पाच वेळा हलकेच दाबावे. पाने अखंड दिसली पाहिजेत, फाटलेली नव्हे. हे काम स्टीलच्या पेल्यात करावे, पातळ काचेच्या ग्लासात करू नये. दाणेदार साखर घालून पाने रगडण्याची पद्धत अनेक जण सांगतात; मी ती घरी सुचवत नाही, कारण आपल्याकडची साखर जाड असते, ती थंड रसात नीट विरघळत नाही आणि तिचे दाणे पानांना खरवडून नेमका तोच कडवटपणा आणतात.

पुदिना विकत घेताना कोवळ्या देठांची, गडद हिरव्या पानांची जुडी घ्यावी आणि फुलांचे तुरे आलेली जुडी टाळावी. घरी आणल्यावर देठांची टोके कापून ती पाण्याच्या पेल्यात उभी ठेवली, वरून प्लास्टिकची पिशवी सैल झाकली आणि पेला फ्रीजमध्ये ठेवला, तर पुदिना काही दिवस टवटवीत राहतो. वापरण्याआधी पाने थंड पाण्यात धुऊन, कापडावर पूर्ण कोरडी करावीत. आपल्या बाजारातल्या नेहमीच्या पुदिन्याच्या वासात कार्व्होन हे द्रव्य मुख्य असते. औषधी पेपरमिंटमध्ये मेंथॉलचे प्रमाण खूप असते आणि ते लिंबू आणि फळांबरोबर थोडे दंतमंजनासारखे लागते. म्हणून कुंडीत पेपरमिंट असले तरी या पेयासाठी बाजारातला साधा पुदिनाच चांगला. पेय तयार झाल्यावर पानांचा एक भरगच्च तुरा तळहातावर आपटून ग्लासच्या कडेला, स्ट्रॉच्या अगदी शेजारी खोचावा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाने कळतो, त्यामुळे प्रत्येक घोटाबरोबर नाकाशी आलेला हा तुरा ग्लासच्या तळाच्या पानांपेक्षा जास्त काम करतो. तो फक्त शोभेसाठी आहे असे समजून वगळू नका.

कलिंगड मिक्सरमध्ये फिरवले की बिया भरडल्या जातात आणि रसावर जाड फेस येतो. त्याऐवजी फोडी मोठ्या गाळणीत घेऊन वाटीच्या बुडाने दाबाव्यात. रस खाली उतरतो आणि बिया वर राहतात. एका ग्लासला साधारण १५० ते २०० ग्रॅम गर पुरतो. या रसात चिमूटभर सैंधव किंवा साधे मीठ घालावे. मिठामुळे कडवटपणाची जाणीव कमी होते आणि फळाचा गोडवा उठून दिसतो. आपण कलिंगडाच्या फोडीवर मीठ भुरभुरतो ते याच कारणाने. पाकासाठी साखर आणि पाणी समान मापाने घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. तार येऊ देऊ नये, नाहीतर तो थंड पेयात तळाशी बसतो. लिंबू कागदी घ्यावे आणि आयत्या वेळी पिळावे. एका ग्लासला साधारण दीड ते दोन लिंबे लागतील. पिळताना शेवटचा थेंब काढण्याच्या नादात साल फार रगडू नये, कारण सालीतला कडवट अंशही रसात उतरतो.

पाणचटपणाचे कारण समजावे म्हणून थोडा हिशेब मांडतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. आपले पेय बर्फ वगळता सव्वादोनशे मिलिलिटर आहे. रम, रस आणि सोडा हे सगळे ३० अंश तापमानाचे असतील, तर ते शून्याच्या आसपास आणण्यासाठी जवळजवळ ८५ ग्रॅम बर्फ वितळावा लागेल, म्हणजे पेयात तेवढे पाणी मिसळेल. हेच साहित्य फ्रीजमध्ये ठेवून ६ अंशांवर आणले असेल, तर केवळ १७ ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळून काम भागते. म्हणून कलिंगडाचा रस, पाक, सोडा, एवढेच नव्हे तर रमची बाटली आणि रिकामे ग्लाससुद्धा निदान तीन-चार तास आधी फ्रीजमध्ये ठेवावेत. पेय पाणचट होईल या भीतीने बर्फाचे दोनच खडे घालणे चुकीचे आहे. घालवायची उष्णता तेवढीच राहते, त्यामुळे ते दोन खडे पूर्ण वितळून जातात आणि पेय पुन्हा कोमट होऊ लागते. ग्लास काठोकाठ बर्फाने भरावा आणि शक्य असेल तर छोट्या वाट्यांमध्ये गोठवलेले मोठे खडे वापरावेत, कारण मोठ्या खड्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने कमी असल्याने तो सावकाश वितळतो.

पांढऱ्या रमचा आग्रह यासाठी की गडद रममध्ये काकवी, व्हॅनिला आणि लाकडाचा दरवळ असतो, आणि तो पुदिन्यावर मात करतो. ओल्ड मंक हिवाळ्यात गरम पाण्याबरोबर उत्तम आहे, या पेयात नाही. आपल्याकडे सहज मिळणारी पांढरी रम म्हणजे बकार्डी. तिची सुरुवात १८६२ मध्ये क्यूबातल्याच सांतियागो शहरात झाली, त्यामुळे मोहितोशी तिचे नाते जुने आहे. जिन किंवा व्होडका वापरली तरी चालते, मात्र जिनबरोबर पाक थोडा वाढवावा लागतो.

तुम्ही गोव्यात किंवा सिंधुदुर्गात असाल आणि दिवस मार्च ते मे यांमधले असतील, तर रमऐवजी उर्राक घ्या, असे मी आवर्जून सांगेन. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या ऊर्ध्वपातनात उर्राक मिळतो आणि पुढच्या ऊर्ध्वपातनात फेणी होते. फेणी ४२ टक्क्यांच्या पुढे कडक असते, उर्राक मात्र १५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून त्याचे माप दुप्पट करून ९० मिलिलिटर घ्यावे आणि सोडा पूर्ण वगळावा. गोव्यात उर्राकात लिमका, लिंबू, मीठ आणि मध्ये चिरलेली हिरवी मिरची घालतात; ती मिरची कलिंगड आणि पुदिन्याबरोबरही फार छान लागते.

इतर फळांबाबत थोडक्यात सांगतो. अननस आंबट असल्याने लिंबूरस १५ मिलिलिटरवर आणावा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चार-पाच फळे चमच्याने ठेचून घालावी, तिला गाळायची गरज नाही. हापूस आंब्याच्या वाटेला जाऊ नये. त्याचा घट्ट रस आणि स्वतःचा दरवळ यांपुढे पुदिना उरत नाही, त्यापेक्षा उकडलेल्या कैरीचा गर दोन चमचे घेऊन लिंबू निम्मे करावे.

प्रत्यक्ष जुळवणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. दाबलेला पुदिना, पाक आणि लिंबूरस ग्लासात ओतावा, त्यावर रम आणि कलिंगडाचा रस घालावा, ग्लास बर्फाने भरावा, लांब चमच्याने तळापासून दोनदा वर आणावे आणि सोडा सगळ्यांत शेवटी, ग्लासच्या कडेवरून सोडावा. सोडा घातल्यावर ढवळत राहिल्यास त्यातला वायू निघून जातो. पहिला ग्लास स्वतः चाखून पाहा. कलिंगडाची गोडी प्रत्येक फळाची वेगळी असते, त्यामुळे पाकाचे माप त्या दिवशीच्या फळावरूनच ठरवावे लागते.

पाहुणे जास्त असतील तर लिंबूरस, पाक आणि कलिंगडाचा रस एका जगमध्ये एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि ते मिश्रण प्रत्येक ग्लासात १३० मिलिलिटर घालावे. पुदिना जगमध्ये आधीपासून टाकू नये, तो काळा पडतो. रमही जगमध्ये न घालता प्रत्येकाच्या ग्लासात मापून घालावी. यामागचे कारण महत्त्वाचे आहे. भारतीय रममध्ये सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ४५ मिलिलिटरमध्ये सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते आणि फळाच्या गोडव्यामुळे ते जाणवत नाही. किती ग्लास झाले हे पाहुण्याला स्वतःला समजले पाहिजे. महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो आणि रम, जिन यांसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गोव्यात ती २१ वर्षांची आहे. जगमधले मिश्रण बिनदारूचे ठेवल्याचा फायदा असा की गाडी चालवून घरी जाणाऱ्यांना, न पिणाऱ्यांना आणि मुलांना त्याच मिश्रणात सोडा जरा जास्त घालून, तोच पुदिन्याचा तुरा खोचून देता येते. त्यांच्या ग्लासांना वेगळ्या रंगाचा स्ट्रॉ लावावा, म्हणजे ग्लासांची अदलाबदल होणार नाही.